गंगावेशचा दूध कट्टा: ग्लास हातात, फोन पिशवीत

कोल्हापुरात पाहुणे आले की तांबडा-पांढरा कुठं खायचा, मिसळ कुणाची झणझणीत, हे सांगायला दहा जण पुढं येतात. दूध कुठं प्यायचं हे फार थोडे सांगतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय. गंगावेशला रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात आणि गवळी तुमच्या डोळ्यांसमोर ग्लासात धार काढून देतो. धारोष्ण, निरसं, म्हशीचं दूध. मी उत्तरेश्वर पेठेत राहते, शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब बघते, आणि कामावरून परतताना संध्याकाळी इथं थांबते.

आधी दुधाचं सांगते. ग्लास हातात येतो तेव्हा दूध म्हशीच्या अंगाइतकंच गरम असतं, साधारण 38 अंश. वर जाड फेस असतो. पहिला घोट फेसातच जातो, चव कळते ती दुसऱ्या घोटाला: किंचित गोड, दाट आणि मागून वैरणीचा हलका वास. रंग पांढराशुभ्र, कारण गाईच्या दुधाला जी पिवळसर छटा येते ती कॅरोटीनची, आणि म्हैस ते कॅरोटीन अ जीवनसत्त्वात बदलून टाकते. गाईच्या दुधात फॅट साधारण साडेतीन ते चार टक्के, म्हशीच्या दुधात सहा ते आठ. त्यामुळं संध्याकाळी इथला मोठा ग्लास घेतला की रात्री एक भाकरी कमी लागते. आमचे गवळी अण्णा फेस बसेपर्यंत थांबतात आणि वरून परत एक धार मारतात. ही त्यांची सवय मला फार आवडते. फेसानं भरलेला ग्लास विकून मोकळं होणं सोपं असतं, ते तसं करत नाहीत.

म्हशीही बघण्यासारख्या. मुर्रा जातीची म्हैस काळीभोर, शिंगं आखूड आणि घट्ट वळलेली. पंढरपुरीची शिंगं लांब, तलवारीसारखी मागं खांद्यापलीकडं गेलेली. ही पंढरपुरी आपल्या सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागातली. ती मवाळ असते आणि दिवसात केव्हाही, कुठंही पान्हा सोडते, म्हणूनच गवळी तिला दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढत. माझ्या सासूबाईंनी ती पद्धत पाहिली आहे. दारात म्हैस यायची, त्या चरवी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि धार निघेस्तोवर गल्लीभरची खबर गवळ्याकडून कळायची. आता गोकुळची पाकिटं पहाटे दारात पडतात. 1963 साली जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला, त्यानं गावागावातल्या बायकांच्या हातात दर दहा दिवसांनी दूधबिल येऊ लागलं, हे काही लहान काम नाही. घरी चहाला मी तेच दूध वापरते. पण पाकीट कापताना कुणाशी बोलणं होत नाही.

कट्ट्यावर थांबावं लागतं, आणि माझ्या दृष्टीनं हीच इथली सगळ्यात मोलाची गोष्ट. म्हैस तयार झाल्याशिवाय दूध मिळत नाही. अण्णा कास धुतात, सडांना हात लावतात, तिच्याशी हळू बोलतात. मागं कुणी आरडाओरडा केला, गाडीचा हॉर्न जोरात वाजवला, की ती पान्हा चोरते आणि मग सगळेच खोळंबतात. त्यामुळं इथं आवाज चढवून बोलायची सोय नाही. भांडायचं तरी हळू भांडावं लागतं.

आणि भांडणं इथं होतात. मी इथं नेमानं येऊ लागले तीच मोबाईलवरच्या भांडणांना कंटाळून. शहराच्या प्रश्नांवरचा एक मोठा ग्रुप होता, त्यात शेकडो माणसं. विषय बहुतेक वेळा एकच, हद्दवाढ. 1972 साली नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हापासून हा प्रश्न पेटता आहे. शहराचं क्षेत्र जेमतेम 67 चौरस किलोमीटर. भोवतालची गावं आत घ्यावीत म्हणणारे एका बाजूला, घरफाळा वाढेल आणि शेतजमिनीवर आरक्षणं पडतील म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मधला मार्ग म्हणून 2017 साली 42 गावांसाठी वेगळं विकास प्राधिकरण झालं, त्यावर पुन्हा वाद. मी हद्दवाढीच्या बाजूची. जेवणाची भांडी ओट्यावर तशीच ठेवून मी आकडे शोधायची, लिहायची, उत्तर आलं की पुन्हा लिहायची. समोरचा कुठला, काय करतो, त्याच्या घरी पाणी कसं येतं, काही ठाऊक नाही. तो मला शहरातली आयतोबा म्हणणार आणि बाकीचे त्याखाली हसरे चेहरे टाकणार. झोप उडायची, सकाळी ऑफिसात आकडेमोड चुकेल की काय अशी धास्ती. मुलगी म्हणायची, "आई, तू माझ्याकडं बघतच नाहीस." ते ऐकल्यावर मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले. गल्लीचा ग्रुप ठेवला, कारण पाणी कधी येणार ते तिथंच कळतं.

कट्ट्यावर तोच विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा मी गप्प राहायचं ठरवलं होतं. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक काका रोज येतात. ते म्हणाले, "केएमटीची बस तुमच्या गावात येतीया, दवाखाना शहरातला, पोरांचं कॉलेज शहरात. मग आत यायला काय झालं?" अण्णा नदीपलीकडच्या गावातले. धार न थांबवता ते म्हणाले, "येतो की. पर माझी म्हसरं कुठं बांधायची ते सांगा आदी. शेजारी बंगला झाला की पहिला अर्ज माझ्या गोठ्यावरच पडणार. शेण कुठं टाकू? वैरणीची गंजी कुठं रचू?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही शिकल्याली माणसं. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणाले, शहर वाढल्याशिवाय निधी वाढणार नाही, रस्ते होणार नाहीत. अण्णांनी ऐकून घेतलं. काकांनीही घेतलं. मग ग्लास भरला, तो अण्णांनी आधी काकांना दिला, कारण नंबर त्यांचा होता. काकांनी पिऊन झाल्यावर गोठ्याच्या परवान्याचं आणि शेणाच्या विल्हेवाटीचं काय असतं ते जुन्या ओळखीत विचारून येतो म्हणून सांगितलं, आणि खरोखर विचारून आले. त्यावर अण्णांचं समाधान झालं नाही. पुढं कित्येक संध्याकाळी तो विषय चालला. शहर वाढायला हवं हे माझं मत आजही तेच आहे, पण आता कुणी हद्दवाढीचं काढलं की मी घरफाळ्याच्या आधी गोठ्याचं विचारते. ऑफिसातल्या साहेबांनाही मी तेच विचारलं. त्यांनी तो विचार केलेला नव्हता.

पावसाळ्यात या जागेची किंमत आणखी कळते. पंचगंगा इथून चालत जाण्याच्या अंतरावर. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी, हे आकडे इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, 2021 च्या जुलैत परत तसंच झालं. अशा दिवसांत मोबाईलवर काय नुसता गोंधळ असतो! राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे एकाच वेळी उघडले म्हणून जुने व्हिडिओ फिरतात, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून लोक एकमेकांच्या आई-वडिलांपर्यंत पोचतात. कट्ट्यावर मात्र कोण कुठल्या रस्त्यानं आला एवढंच विचारलं जातं. जामदार क्लबपर्यंत पाणी आलंय का, शिवाजी पूल चालू आहे का, चिखली-आंबेवाडीची जनावरं सोनतळीकडं निघाली का. सांगणारा स्वतः ते पाणी बघून आलेला असतो, आणि चुकीचं सांगितलं तर उद्या त्याला इथंच उभं राहायचं असतं. एकदा पाणी चढत असताना एका गवळ्याला म्हशी रातोरात हलवायच्या होत्या. त्याच्या गिऱ्हाइकांतल्या एकाचा टेम्पो, दुसऱ्याचं मोकळं शेड, तालमीतली चार पोरं. दूध पिता पिता सगळं ठरलं. मी आणि माझ्या मुलीनं चपात्या करून दिल्या.

तालमीतली पोरं म्हणजे इथलं नेहमीचं गिऱ्हाईक. गंगावेश तालीम जवळच आहे. शाहू महाराजांनी या शहराला कुस्तीचं वेड लावलं, 1912 साली खासबागचं मैदान बांधून घेतलं, आणि ते वेड दुधाशिवाय चालत नाही. मेहनत करून आलेला पैलवान दोन्ही हातांनी मोठा ग्लास धरतो, एका दमात रिकामा करतो आणि मिशीवरचा फेस पुसत पुढच्याला जागा करून देतो. यातली काही पोरं परगावाहून, पंजाब-हरियाणातूनही आलेली असतात. घरची आठवण आली की ती गवळ्यांच्या म्हशींना खाजवत बसतात. मी त्यांना सणाला जेवायला बोलावते. मोबाईलवर मी तासन्‌तास घालवत होते तेव्हा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर ही पोरं होती आणि मला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं.

आता जे कमी आहे तेही लिहायला हवं. बायकांसाठी ही जागा अजून पुरती मोकळी नाही. कुणी वाईट वागत नाही, उलट "वहिनींना आधी द्या रे" म्हणतात, पण टेकायला जागा अशी नाहीच. म्हाताऱ्या बायका, लेकुरवाळ्या आया उभ्यानं किती वेळ थांबणार? दोन बाकं ठेवली तरी संध्याकाळचं चित्र बदलेल. मी मैत्रिणींना घेऊन येऊ लागले तेव्हा त्यांनाही हेच पहिल्यांदा जाणवलं. रस्ता वाहता आहे, गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात, त्यामुळं लहान मुलांचा हात सोडू नका. पायाखाली शेण असणार, चप्पल त्या हिशेबानं घाला. दर पाकिटातल्या दुधापेक्षा महाग पडतो, पण चारा, सरकी पेंड आणि माणसाची मेहनत डोळ्यांसमोर दिसते, त्यामुळं मला तो कधी जड वाटला नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. निरसं दूध सगळ्यांसाठी नाही. जनावराला क्षय किंवा ब्रुसेलोसिस असेल तर त्याचे जंतू कच्च्या दुधातून माणसात येऊ शकतात. पाकिटातलं दूध 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं, ते याचसाठी. गरोदर बायका, लहान लेकरं, वयस्कर माणसं, औषधोपचार चालू असणारे, यांनी कट्ट्यावर उभ्यानं पिऊ नये. घरून स्वच्छ डबा आणा, दूध घेऊन जा, नीट उकळून प्या. सासूबाईंसाठी मी तसंच नेते आणि त्यावर जी साय येते ती वेगळीच. प्यायचंच असेल तर गवळी बघून घ्या: धारेआधी हात आणि कास धुतो का, ग्लास दरवेळी विसळतो का, म्हैस अंगानं स्वच्छ आणि तरतरीत आहे का. आणि धारेआधी कुणी इंजेक्शन टोचताना दिसला तर तिथून सरळ निघा. पान्हा आणण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणं हा गुन्हा आहे आणि जनावराचे हाल आहेत. विचारायला लाजू नका. अण्णांना मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, त्यांनी राग न मानता सगळं दाखवलं, आणि तेव्हापासून माझं दूध त्यांच्याकडंच.

यायचं कसं? अंबाबाईचं दर्शन घेऊन महाद्वार रोडनं पापाची तिकटीकडं या आणि तिथून गंगावेशला चालत. गाडी आणायच्या भरीला पडू नका, लावायला जागा शोधण्यात संध्याकाळ जाईल. पहाटे या किंवा दिवेलागणीला. पहाटे गर्दी तालमीची आणि फिरायला निघालेल्यांची, संध्याकाळी घरोघरची. सुट्टे पैसे जवळ ठेवा. ग्लास भरलेला असताना फोटो काढायच्या नादात म्हशीच्या मागं जाऊ नका, ती बिथरते आणि तुमच्या मागचे ताटकळतात. एकटे आला असाल तर शेजारच्याला गाव विचारा. पुढचं बोलणं आपोआप होतं.

जमलं तर दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात असा. म्हशींना धुऊन, शिंगं रंगवून, अंगावर नक्षी काढून, गळ्यात घुंगरं आणि पायात चाळ बांधून मिरवायला काढतात. मालक मोटारसायकल जोरात पळवतो आणि त्याची म्हैस आवाज ओळखून मागोमाग धावत सुटते. सागरमाळावर आणि पंचगंगा घाटाकडं ते बघायला तोबा गर्दी होते. आमचे अण्णा त्या दिवशी धार लवकर उरकतात, तेव्हा दूध हवं असेल तर उजाडायच्या आत कट्ट्यावर या.