छोट्या लेथचा टूलपोस्ट: चौकोनी ठेवावा, क्विक चेंज घ्यावा की घरी करावा?

सात इंची, म्हणजे सात इंच व्यासापर्यंतचा तुकडा फिरवणारा, मिनी लेथ घरी आला की पहिले काही आठवडे हातात टूलपेक्षा पत्र्याचे तुकडेच जास्त असतात. टूलपोस्ट म्हणजे कापायचं टूल धरणारा ठोकळा. लेथबरोबर आलेला चौकोनी टूलपोस्ट एका वेळी चार टूल धरतो, पण प्रत्येक टूलखाली पॅकिंग (पत्र्याचे तुकडे) घालून धार सेंटरला, म्हणजे जॉब (फिरणारा तुकडा) ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच्या उंचीला, आणावी लागते. असे दोन-चार रविवार गेले की माणूस क्विक चेंज, म्हणजे टूल झटकन बदलता येणाऱ्या, टूलपोस्टचे भाव बघायला लागतो. मीही बघितले, घेतलाही, आणि त्याआधी एक घरी तयारही केला होता. तिन्ही वापरून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय, ते सांगतो.

सेंटर हाइटचा एवढा आग्रह का, हे एका हिशेबात कळतं. टूल अर्धा मिलिमीटर खाली बसलंय आणि जॉब ५० मिमी व्यासाचा आहे, तर रेकमध्ये (टूलच्या वरच्या बाजूच्या उतारात) जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. तेच टूल ६ मिमीच्या पिनेवर लावा, फरक साडेनऊ अंशांवर जातो. ग्राइंडरवर जपून दिलेला रेक जवळजवळ सगळा गेला. टूल वर बसलं तर उलटं होतं: क्लिअरन्स (धारेखालची मोकळी जागा) संपतो, धार कापत नाही आणि टूलचं पोट जॉबला घासत राहतं. घरच्या लेथवर आपण बारीक कामंच जास्त करतो, म्हणून ही चूक इथे जास्त भोवते.

आधी चौकोनी टूलपोस्टची बाजू घेतो, कारण त्याच्याबद्दल लोक उगीच वाईट बोलतात. तो बसका असतो, कंपाउंडच्या (टूलपोस्टखालच्या सरकत्या स्लाइडच्या) मधोमध बसतो आणि टूल बाहेर फार लोंबत नाही. नुसत्या ताठपणात तो आजही माझ्याकडच्या तिघांत पहिला आहे. त्रास फक्त पॅकिंगचा, आणि त्यावर भोसरीतल्या एका जुन्या टर्नर काकांनी मला उपाय दिला: "पॅकिंग टूलपोस्टचं नसतं, टूलचं असतं. ज्याचं त्याच्याबरोबर बांधून ठेव." तेव्हापासून प्रत्येक टूल त्याच्या पॅकिंगसकट रबर बँडने बांधलेलं असतं. हॅक्सॉचं तुटलेलं पातं त्यासाठी उत्तम, जाडी साधारण ०.६५ मिमी. मात्र दात ग्राइंडरवर घासून काढा, नाहीतर दातांच्या वाकामुळे टूल तिरकं बसतं. त्याहून बारीक हवं तर शीतपेयाच्या ॲल्युमिनियम कॅनचा पत्रा, अंदाजे ०.१ मिमी. उंची बघायला टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये पातळ स्टीलपट्टी हलकेच दाबून धरा. ती उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. हाताने बारीक फीड द्या, नाहीतर जॉबला ओरखडा पडतो.

क्विक चेंजचं सुख खरं आहे, ते नाकारणार नाही. टूल ज्यात बसतं त्या होल्डरवरचा नट फिरवून उंची एकदा लावली की पुढे तो होल्डर काढा, घाला, धार तिथेच येते. टर्निंग (व्यास कमी करणं), फेसिंग (टोक सपाट करणं), बोअरिंग (भोक मोठं करणं), पार्टिंग (तुकडा कापून वेगळा करणं) असं एकाच जॉबवर फिरत असाल तर फार वेळ वाचतो. घेताना दोन प्रकार दिसतील, वेज आणि पिस्टन. पिस्टनवाला होल्डरच्या पाठीवर एका ठिकाणी रेटतो. वेजवाला डोव्हटेल (होल्डर अडकतो ती तिरक्या कडांची खाच) घट्ट आवळून धरतो आणि होल्डर पुन्हा त्याच जागी बसण्याची खात्री जास्त. परवडत असेल तर वेज, आणि पोलादी. सात इंची लेथला झीरो एक्सए हा छोटा आकार लागतो. एएक्सए मोठ्या लेथसाठी आहे.

पण घेण्याआधी मोजा. कंपाउंडच्या वरच्या पृष्ठभागापासून स्पिंडलच्या (जॉब फिरवणाऱ्या दांड्याच्या) सेंटरपर्यंत किती अंतर आहे, आणि होल्डर सगळ्यात खाली असताना त्याच्या खाचेचा तळ किती उंचीवर येतो? मी हे न मोजता मागवला. होल्डर पार खाली नेऊनही १२ मिमीचं टूल सेंटरच्या वरच राहिलं. नट फिरवून ते खाली येत नाही. बारीक शँकची (दांड्याची) टूलं घ्यायची, नाहीतर टूलचा तळ घासायचा. दुसरी गोष्ट, टूल कंपाउंडच्या मध्यापासून बाहेर सरकतं. छोट्या लेथच्या गिब (स्लाइडमधली ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या) आधीच ढिल्या असतात, त्यात हा जादा भार आला की पार्टिंग करताना लेथ थरथरतो. नवा टूलपोस्ट लावायच्या आधी गिब आवळून घ्या. खर्चही टूलपोस्टपाशी थांबत नाही, कारण चार होल्डरवर भागत नाही. आणि जादा होल्डर घरी करायचे म्हटले तर डोव्हटेल कापायला मिलिंग किंवा शेपर लागतो.

म्हणूनच ज्याच्याकडे एकटा लेथच आहे, त्याने नॉर्मन पद्धतीचा टूलपोस्ट घरी करावा असं मी मनापासून सांगतो. कल्पना अगदी सोपी आहे: कंपाउंडवर एक गोल खांब, त्यावर बसणारा भोकाचा ठोकळा, ठोकळ्याला एक चीर आणि ती आवळणारा बोल्ट. बोल्ट ढिला केला की ठोकळा वरखाली सरकतो आणि गोल फिरतो. पॅकिंग नाही, डोव्हटेल नाही.

माझा खांब ३० मिमीचा, माइल्ड स्टीलचा. बाहेरचा व्यास आणि बूड एकाच सेटिंगमध्ये टर्न केलं, म्हणजे खांब कंपाउंडवर काटकोनात उभा राहतो. बुडाचा मधला भाग किंचित खोल ठेवला, त्यामुळे तो कडेवर टेकतो आणि डुगडुगत नाही. ठोकळ्यासाठी लोखंडाचा तुकडा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. तो फोर-जॉ (चार जबड्यांच्या) चकमध्ये धरून आधी ड्रिल, मग बोअरिंग. बोअर खांबापेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटर मोठा झाला की थांबायचं. ठोकळा तेल लावल्यावर हाताने गुळगुळीत उतरला पाहिजे. बोअर झाल्यावरच हॅक्सॉने चीर मारायची आणि एम८चा ॲलन बोल्ट टाकायचा. चीर आधी मारली तर चकच्या दाबाने भोक वाकडं होतं. टूलची खाच कापायला मिलिंग नव्हतं, म्हणून ती कापलीच नाही: ठोकळ्याच्या बाजूला वर-खाली दोन पट्ट्या बोल्ट आणि डॉवेल पिनांनी बसवल्या, मधली जागा हीच खाच. दुसरा ठोकळा बोअरिंग बारसाठी केला, त्याला नुसतं आडवं भोक पुरलं.

उणीव आहे. ठोकळा काढून परत घातला की कोन पुन्हा लावावा लागतो. उंचीसाठी मी ठोकळ्यात एक स्टॉप स्क्रू उभा घातलाय, तो खाली टेकला की उंची परत मिळते. कोनासाठी चकच्या तोंडाला चौकोनी पट्टी लावून ठोकळा त्याला टेकवतो, अर्ध्या मिनिटाचं काम.

ज्याला लेथवर एकसारखे वीस-पंचवीस नग काढायचेत, त्याने थेट वेजवाला क्विक चेंज घ्यावा, वेळेचा हिशेब लगेच जुळतो. ज्याचा लेथ नवा आहे आणि हातही, त्याने तीन-चार महिने चौकोनीच ठेवावा आणि आठ मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट घासायला शिकावं; धार देता आली नाही तर कुठलाच टूलपोस्ट कामाला येत नाही. त्यानंतरचा पहिला मोठा जॉब म्हणून नॉर्मन करायला घ्या. त्यात टर्निंग, फेसिंग, बोअरिंग, टॅपिंग सगळं येतं. फक्त पार्टिंगला मी अजून चौकोनी टूलपोस्टच परत चढवतो.