सीलंट टेप, नायलॉन फिल्म आणि एक गेज : आठ महिन्यांनंतर

व्हॅक्यूम बॅगिंग म्हणजे साच्यावर मांडलेल्या, रेझिन (सुकून घट्ट होणारा चिकट द्रव) लावलेल्या कापडावर फिल्म पसरायची, तिच्या कडा चिकट सीलंट टेपने बंद करून बॅग करायची आणि पंपाने आतली हवा काढायची, म्हणजे बाहेरची हवा थर घट्ट दाबते. त्यातल्या टेपचा निकाल आधी सांगून टाकते. टेप चांगली आहे. पहिले दोन महिने मी तिला मनसोक्त शिव्या घातल्या, पण त्यातल्या बहुतेक चुकीच्या पत्त्यावर गेल्या. गळती टेपमधून होत नव्हती. ती टेपच्या खालून, टेपच्या शेजारून आणि कधी कधी टेपपासून हातभर लांबून होत होती.

आठ महिन्यांत चाळीसेक बॅगा लावल्या असतील. सपाट कार्बन पॅनेल, ड्रोनच्या फ्रेमच्या प्लेटा, सायकलचे मडगार्ड आणि एका छोट्या होडीची दोन झाकणं. बहुतेक काम हाताने रेझिन लावून मग बॅग, आणि शेवटचे तीन महिने थोडं इन्फ्युजन, म्हणजे बॅगेतल्या कोरड्या कापडात व्हॅक्यूमने रेझिन ओढून घेणं. टेप नेहमीची राखाडी ब्युटाइल रबराची, साधारण १२ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड, एका बाजूला कागद असलेली. फिल्म नायलॉनची, ५० मायक्रॉन. पंप आत तेल भरलेला रोटरी व्हेन, म्हणजे फिरत्या पात्यांचा.

पहिलं मोठं पॅनेल फुकट गेलं. रात्री पंप चालू ठेवून झोपले, दाब दाखवणाऱ्या गेजची सुई जागेवर होती. सकाळी एका कडेला कापडाची वीण कोरडी, बाकीच्या भागात सुईच्या टोकाएवढी भोकं. गेज मी पंपाच्या तोंडाशीच लावलं होतं, त्यामुळे ते पंपाची तब्येत सांगत होतं, बॅगेची नाही. पंप पुरेसा मोठा असेल तर बऱ्यापैकी गळती तो नुसता ओढून ओढून झाकून टाकतो. आता गेज बॅगेच्या दुसऱ्या टोकाला, पंपापासून सगळ्यात लांब, स्वतःच्या वेगळ्या जोडणीवर असतं. पंपाच्या नळीत एक बॉल व्हॉल्व्ह. संपूर्ण सामानात सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर या दोन गोष्टींचा.

चाचणी साधी आहे. पंधरा-वीस मिनिटं पंप चालू द्यायचा, म्हणजे ब्रीदरमध्ये, फिल्मखाली हवेला वाट देणाऱ्या जाडसर कापडात, अडकलेली हवा निघून जाते. मग व्हॉल्व्ह बंद करून पाच मिनिटं सुईकडे बघत बसायचं. इथे मी बरेच दिवस एक चूक करत होते. प्रत्येक बॅगेला एकच फूटपट्टी लावत होते, ‘पाच मिनिटांत एवढे मिलिबार घसरले तर ठीक’ अशी. पण त्याच घसरणीचा अर्थ बॅगेत आत किती जागा आहे यावर ठरतो. बॅगेत दोन लिटर जागा असेल आणि पाच मिनिटांत ५० मिलिबार घसरले, तर आत आलेली हवा मिनिटाला सुमारे २० मिलिलिटर. जाड ब्रीदर आणि लांब नळ्यांमुळे तीच जागा दहा लिटर झाली, तर तेवढ्याच घसरणीत मिनिटाला १०० मिलिलिटर हवा आत येतेय. म्हणजे मोठ्या बॅगेची सुई हळू हलते म्हणून खूश व्हायचं कारण नाही.

आणखी एक, गेजबद्दलच. सुईचं साधं गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत वाचतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१३ मिलिबार, हजार मीटर उंचीवर साधारण ९००. उंचावर राहणाऱ्याला सुई कधीच ‘पूर्ण’ आकड्यावर जाताना दिसणार नाही, आणि तो बिचारा नसलेली गळती शोधत बसेल. रात्रभरात हवामान बदललं तरी सुई थोडी सरकते. पाच मिनिटांच्या चाचणीत याने फरक पडत नाही, रात्री आणि सकाळी आकडे जुळवत बसलात तर पडतो.

आता गळती कुठे सापडली ते.

सगळ्यात जास्त वेळा मेणाखाली. साच्याला रिलीज वॅक्स लावताना हात सहज कडेपर्यंत जातो, आणि जिथे रेझिन चिकटू नये म्हणून मेण लावलं तिथे टेपही चिकटत नाही. दाबताना वाटतं बसली. अर्ध्या तासाने फिल्म आतल्या बाजूला ओढली गेली की टेप सोललेल्या सालीसारखी वर येते. ॲसिटोनने पुसून फारसं भागलं नाही, मेण नुसतं पसरलं. आता मेण लावण्याआधीच कडेला मास्किंग टेपचा पट्टा मारते आणि सीलंट टेप लावायच्या क्षणी तो काढते. शंका असेल तर टेपचा बोटभर तुकडा दाबून ओढून बघते. स्वच्छ सुटला तर खाली मेण आहे.

त्यानंतर कार्बनचे धागे. कापड कापताना कडेचा एखादा धागा सुटतो आणि टेपच्या रेषेवर आडवा पडतो. डोळ्याला तो एक धागा दिसतो, पण ३के म्हणजे त्या एका धाग्यात तीन हजार तंतू, आणि ब्युटाइल त्या सगळ्यांच्या मधल्या फटीत शिरत नाही. बॅगेच्या आतून बाहेरपर्यंत स्ट्रॉ टाकल्यासारखंच ते. म्हणून टेप मी कापड मांडायच्या आधी लावते, वरचा कागद तसाच ठेवते, आणि बॅग बसवताना वीतभर, वीतभर सोलत जाते. याची एक किंमत आहे. सोलताना कागद फाटून नखाएवढी चिंधी टेपवर राहते आणि ती दिसत नाही. अशा एका चिंधीने माझा रविवार खाल्लेला आहे.

टेप लावताना ताणायची नाही हे पुडक्यावर लिहिलेलं नव्हतं. ताणून लावली की ती हळूहळू आकसते आणि कोपऱ्यातून मागे सरकते. शेवटचं टोक पहिल्या टोकाला नुसतं टेकवून भागत नाही. दोन्ही टोकं इंचभर शेजारी शेजारी नेऊन अंगठ्याने एकजीव करावी लागतात.

चुण्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच नवा माणूस कंजूषपणा करतो. मीही केला. सपाट पॅनेलला फिल्म तंतोतंत कापली तर चालते. साच्याला खोली असेल तर फिल्मला खाली उतरायला जादा माप लागतं. ते नसेल तर फिल्म आतल्या कोपऱ्यावर पुलासारखी ताणून राहते, खाली दाब पोचत नाही, आणि त्या पोकळीत रेझिन साठतं. माझ्या मडगार्डच्या आतल्या वळणावर रेझिनची काचेसारखी कड आली होती, एका टिचकीत तुटली. म्हणून साच्याच्या कडेने जागोजागी फिल्मची चुणी उभी करायची आणि तिच्या पोटात टेपचा उभा तुकडा घालून दोन्ही बाजू चिमटायच्या. चुणीतली टेप खालच्या टेपला जिथे मिळते तो तिठा म्हणजे खरी दुखरी जागा. तिथे बारीकसा त्रिकोणी बोगदा राहतो. मी आता तिठ्यावर आधीच टेपचा वाटाण्याएवढा गोळा दाबून ठेवते. चुणी कुठे हवी ते साच्याच्या आकारावरून ठरवायचं. प्रत्येक खोल कोपऱ्यासमोर एक, आणि शंका असेल तिथे आणखी एक. टेप जादा जाते, जाऊ दे.

गळती शोधायच्या पद्धतीत माझ्या भावाचा वाटा आहे. मी चालू पंपाशेजारी कान लावून बसले होते. तो दारातूनच म्हणाला, “ताई, आधी पंप तर बंद कर.” खरंच, व्हॉल्व्ह आवळून पंप बंद केला, पंखाही बंद केला, तेव्हा सूं आवाज पहिल्यांदा ऐकू आला. आता बारीक नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टेपवरून फिरवते. अल्ट्रासोनिक डिटेक्टर एकदा उसना आणला होता. माणसाच्या कानापलीकडचा, ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज तो ऐकू येईल असा करून देतो. नळीला न सापडलेली फिल्ममधली दोन भोकं त्याने मिनिटात दाखवली. साबणाच्या पाण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तर ऐकू नका. ती युक्ती आतून बाहेर हवा येते तिथली. इथे पाणी आत ओढलं जातं आणि थेट तुमच्या लॅमिनेटमध्ये, म्हणजे कापड-रेझिनच्या थरांत, बसतं.

ओल्या रेझिनवर बॅग असेल तर थोडी गळती खपून जाते, असा माझा अनुभव आहे. ८०० मिलिबारचा फरक म्हणजे चौरस मीटरला सुमारे आठ टन भार. थोडा कमी झाला तरी थर दाबले जातातच. इन्फ्युजनमध्ये ही सूट नाही. आतला दाब ५० मिलिबार असताना बाहेरची एक मिलिलिटर हवा शिरली की ती फुगून वीस मिलिलिटर होते, आणि रेझिनमधून बुडबुड्यांची माळ चालू लागते. ती माळ कुठून निघते ते बघितलं की गळतीची जागा कळते, पण तोवर उशीर झालेला असतो. म्हणून इन्फ्युजनच्या दिवशी चाचणी मनासारखी झाल्याशिवाय मी रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर घालत नाही.

नळीची जोडणी, हा एक वेगळाच ताप. बॅगेतून आरपार जाणाऱ्या जोडणीची रबरी चकती पहिले पाच-सहा वेळा उत्तम बसली. मग तिच्यावर रेझिनचा एक थेंब सुकला आणि तिने काम सोडलं. चकती बदलली, प्रश्न मिटला. फिल्मला भोक पाडताना मोठी फुली मारू नका, लहान चीर पाडा आणि ताणून घाला.

साच्याबद्दल एवढंच, की एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा, साचा स्वतःच श्वास घेतो. वर रंगाचा पातळ थर असला तरी कापलेल्या कडेतून हवा येत राहते, टेप कितीही छान बसलेली असो. दोन दिवस झगडल्यावर मी अख्खा साचाच फिल्मच्या पिशवीत घातला आणि मोकळी झाले. साचा भरीव होता म्हणून जमलं. पोकळ खोका असता तर पिशवीने तो चेपला असता.

फिल्मबद्दल तक्रार आहे, पण अर्धी माझ्यावरच. नायलॉन हवेतला ओलावा शोषून लवचीक राहतं. रोल उघडा टाकून कोरड्या खोलीत ठेवला तर घडीवर तडकतो. माझा अर्धा रोल असाच गेला, दर घडीला एक बारीक भोक. एकदा वापरलेली फिल्म पुन्हा वापरून बघितली. पैसे वाचले, पार्ट गेला.

टेपची खरी उणीव उष्णतेत दिसली. क्युअर झालेला, म्हणजे रेझिन घट्ट झालेला पार्ट ८० अंशांना पोस्ट क्युअर करताना, म्हणजे आणखी तापवून पक्का करताना, ती मऊ पडते, आणि फिल्म जिथे ताणलेली असेल तिथे इंचाइंचाने आत सरकते. जास्त तापमानाची टेप वेगळी मिळते. माझं काम फिल्म ढिली ठेवून आणि ब्रीदर टेपपासून दोन बोटं लांब ठेवून भागलं. थंडीत उलटा त्रास, टेप ताठ होते, मग रोल थोडा वेळ काखेत धरते. हसू नका, चालतं.

पार्ट निघाल्यावर साच्यावर राहिलेली टेप खरवडू नका. त्याच टेपचा गोळा करून टिपत गेलं की सगळी निघून येते. सध्या शेवटचा रोल चालू आहे. पिशवीचं तोंड बांधायला विसरले होते, त्यामुळे बाहेरच्या वेढ्यावर कार्बनची धूळ बसली आहे. तेवढा वेढा चुणीच्या गोळ्यांसाठीही नको, म्हणून साचे टिपायला बाजूला काढून ठेवला आहे.