फॅनच्या वेगासाठी ०-१० व्होल्ट की ४-२० मिलिअँपिअर?

व्हेंटिलेशनच्या नव्या कामात कंट्रोलरपासून ड्राइव्हपर्यंत, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणापर्यंत, वेगाचा कुठला सिग्नल न्यायचा, हे बहुतेक वेळा पॅनेल बनवणाऱ्यावर सोडलेलं असतं, आणि तो सवयीनं ०-१० व्होल्ट देतो (० म्हणजे किमान वेग, १० म्हणजे पूर्ण). त्याला चूक म्हणणार नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कितीतरी युनिटांत कंट्रोलर आणि ड्राइव्ह एकाच पॅनेलमध्ये असतात, मधली वायर जेमतेम हातभर. तिथे मीही व्होल्टेजच घेतो. विचार करायचा तो सिग्नल पॅनेलबाहेर पडणार असेल तर.

व्होल्टेजची सोय मोठी आहे. मल्टिमीटरच्या पिना टर्मिनलला टेकवल्या, ६ व्होल्ट दिसले की ६० टक्के. करंट, म्हणजे ४-२० मिलिअँपिअर, मोजायचा तर लूप तोडून मीटर मध्ये घालायचा, किंवा इनपुट २५० ओहमचा असेल तर त्यावरचे १ ते ५ व्होल्ट वाचून हिशोब करायचा. एएचयूमध्ये (हवा खेळवणाऱ्या मोठ्या युनिटमध्ये) छोटे ईसी फॅन, म्हणजे वेगनियंत्रण मोटरमध्येच असलेले फॅन, ओळीनं बसवलेले असतील तर एकच ०-१० सगळ्यांना समांतर देता येतो. करंट मात्र सिरीजमध्येच फिरवावा लागतो. आउटपुटची मर्यादा ५०० ओहम असली तर २५० ओहमच्या दोन इनपुटांत ती संपते, आणि एक स्क्रू सैल झाला की सगळ्याच फॅनचा सिग्नल जातो. शिवाय बऱ्याच ईसी फॅनना आणि लहान डीडीसी (डिजिटल) कंट्रोलरना व्होल्टेजच चालतं. करंट हवा तर वर कन्व्हर्टरचा खर्च.

लांब केबलवर व्होल्टेज पडतं, म्हणून करंट घ्या, असं सर्रास सांगतात. मला तो मुद्दा तितकासा पटत नाही. ०-१० च्या इनपुटचा रेझिस्टन्स इतका मोठा असतो की वायरीतून करंट जवळपास वाहतच नाही, मग व्होल्टेज पडणार कुठून? खरा त्रास असतो त्याच ट्रेमधून गेलेल्या मोटर केबलचा आणि दोन टोकांच्या अर्थिंगमधल्या फरकाचा. तो सिग्नलमध्ये मिसळतो आणि फॅन उगाच वर-खाली होत राहतो. शिल्डेड केबल, शिल्ड एकाच टोकाला अर्थ, ट्रे वेगळा, एवढं नीट केलं की बरंचसं निवळतं. तेवढ्यासाठी मी व्होल्टेज सोडलं नसतं.

सोडलं ते दुसऱ्याच कारणानं. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरचं दोन मजली बेसमेंट पार्किंग. एक्झॉस्ट फॅनचा वेग कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरवर चालायचा. पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरली, टर्मिनलवर हिरवट थर चढला आणि सिग्नलची वायर आतल्या आत तुटली. ड्राइव्हला ० व्होल्ट मिळू लागले. त्याच्या लेखी ० म्हणजे ‘कमीत कमी वेगानं फिर’. वायर तुटली तरी ०, कंट्रोलरनं मुद्दाम दिलं तरी ०. चालू-बंदची रन कमांड वेगळ्या कॉन्टॅक्टवरून येत होती आणि किमान फ्रिक्वेन्सी २० हर्ट्झ होती (पूर्ण वेग ५० हर्ट्झला), त्यामुळे फॅन फिरतच राहिला. बीएमएसच्या (इमारतीच्या यंत्रणांवर नजर ठेवणाऱ्या सिस्टिमच्या) स्क्रीनवर मागणी ९० टक्के, शेजारी हिरवं ‘रनिंग’. हवा मात्र ५० हर्ट्झच्या मानानं ४० टक्केच. वॉचमनकाका सांगत होते, “साहेब, खाली डोळे चुरचुरतात.” वर उत्तर मिळत होतं, “काका, फॅन तर चालू आहे.”

हे मला फार लागलं. धूर डोळ्यांना झोंबला म्हणून कळलं तरी; कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. तिथे दोष असून तो न दिसणं, यापुढे मीटरची सोय किंवा कन्व्हर्टरचे पैसे मला क्षुल्लक वाटतात.

४-२० मध्ये किमान मागणीलाही ४ मिलिअँपिअर वाहतच असतात. करंट ३ च्या खाली गेला की ड्राइव्हला कळतं, सिग्नलच नाही. मग काय करायचं ते आपण ठरवायचं: शेवटचा वेग धर, ठरलेल्या वेगावर जा किंवा बंद हो, आणि अलार्म दे. पार्किंगला मी ठरलेला वरचा वेग आणि अलार्म लावतो. मात्र काही ड्राइव्हमध्ये हे सेटिंग मुळात बंद असतं. कमिशनिंगला वायर हातानं काढून फॅन काय करतो ते बघितल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नका. इनपुटचा छोटा स्विच करंटवर आहे ना, तेही बघा. तो व्होल्टेजवर राहिला तर इनपुटला १० व्होल्टच्या वर दिसतं आणि फॅन पूर्ण वेगानं सुटतो.

तुमचं काम एका खोलीत आटोपत असेल, तर माझं ऐकून उगाच खर्च वाढवू नका. पण बेसमेंट असेल, टेरेसवरचा फॅन असेल किंवा रबाळे-महापेकडची लांबलचक शेड असेल, तर मी ४-२० कडेच झुकेन. फॅन फक्त व्होल्टेजच घेणारे असतील, तर निदान फॅनवर डीपी स्विच (हवेच्या दाबातला फरक ओळखणारा) लावा किंवा फॅनचा प्रत्यक्ष वेग बीएमएसला परत आणा, आणि मागणीशी जुळला नाही तर अलार्म ठेवा. आगीच्या वेळचा पूर्ण वेग मात्र कुठल्याच ॲनालॉग सिग्नलवर सोडू नका. त्यासाठी फायर पॅनेलपासून ड्राइव्हपर्यंत वेगळी वायर हवी.