खारी वाळू, स्टीलचे रुपये आणि मेटल डिटेक्टर : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

मेटल डिटेक्टर घ्यायच्या विचारात असलेल्यांना एक गोष्ट आधीच सांगतो. यंत्रासोबत येणारी पुस्तिका आपल्या किनाऱ्यासाठी लिहिलेली नसते. ती बाहेरच्या देशांतल्या नाण्यांवर आणि तिथल्या मातीवर बेतलेली असते. मी नेरूळला राहतो. गेल्या दिवाळीत यंत्र घेतलं आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत उरणचं पिरवाडी, किहीम, वरसोली, नागाव, एकदोनदा उत्तन अशा ठिकाणी ते भरपूर वापरलं. यंत्रावर मी खूश आहे, वाळूत हरवलेली नाणी-दागिने शोधण्याच्या या छंदावर त्याहून जास्त. पण दोन्ही आपल्याकडे आपल्या पद्धतीनेच शिकावं लागतं.

ठाणे-नवी मुंबईला पाणी आहे, पण ते खाडीचं. चिखल आणि खारफुटी. तिथे यंत्र घेऊन जाऊ नका. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे आणि चिखलात पाय कुठे रुतेल याचा नेम नाही. म्हणजे खऱ्या वाळूसाठी बाहेर पडणं आलंच. खारकोपर ते उरण लोकल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून पिरवाडी सोपं झालंय. मात्र उरणला ओएनजीसीचा तेल-वायू प्रकल्प आहे, नौदल आहे. कानाला हेडफोन लावून वाळूत काहीतरी शोधणारा माणूस तिथे संशयास्पदच वाटणार, म्हणून आधी पोलीस ठाण्यात जाऊन सांगून यावं. मी तसं केलं आणि मग निर्धास्तपणे फिरता आलं. अलिबागकडे जायचं तर पेण-वडखळमार्गे पहाटे निघावं लागतं.

माझं यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं, १२ किलोहर्ट्झ. चाळीस हजारांच्या आत पडलं. कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तारेच्या चकतीतून, बदलता प्रवाह जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र वाळूत शिरतं, धातू असेल तर त्यात छोटे प्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र टिपतं, आवाज करतं आणि धातूनुसार पडद्यावर एक आकडा दाखवतं. अडचण अशी की खारं पाणीसुद्धा वीज वाहून नेतं. कोरड्या वाळूत शांत असलेलं यंत्र ओल्या वाळूवर नेलं की लगेच किरकिर करायला लागतं. त्यात अलिबागकडची वाळू काळी. साधा लोहचुंबक फिरवला तरी त्याला काळ्या कणांची दाढी येते. म्हणून ओल्या पट्ट्यात गेल्यावर ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा प्रतिसाद वगळायची जुळणी) नव्याने करायचा, सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) दोन-तीन घरं खाली आणायची आणि कॉइल सावकाश, वाळूला समांतर फिरवायची. खोली कमी मिळते. नाण्याएवढी वस्तू मला ओल्या वाळूत साधारण वीतभर खोलीपर्यंत नीट ऐकू येते. त्याखाली आवाज तुटक होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तिका म्हणते, सेटिंगमध्ये लोखंडाचा प्रतिसाद गाळून टाका, म्हणजे खिळे आणि बाटल्यांची झाकणं ऐकू येणार नाहीत. परदेशात ठीक आहे. पण आपले आजचे एक आणि दोन रुपये फेरिटिक स्टेनलेस स्टीलचे असतात, चुंबकाला चिकटतात. लोखंड गाळलंत की नाण्यांचा मोठा हिस्साही त्याबरोबर गाळला जातो! जुना जाड क्युप्रो-निकेलचा (तांबे-निकेल मिश्रधातूचा) रुपया, पाचाचं पिवळं नाणं, दहाचं दुरंगी नाणं, हे सगळे वेगळे आकडे देतात. कंगोऱ्यांचे ॲल्युमिनियमचे दहा पैसे अजूनही निघतात, मिठाने खाऊन पातळ झालेले. मी सगळे धातू चालू ठेवून फिरतो आणि कानाने निवड करतो. सुरुवातीला कान किटतात. महिन्याभरात खिळ्याचा फाटका आवाज आणि नाण्याचा गोल आवाज यांतला फरक समजायला लागतो. हा फरक शिकण्यातच या छंदाची खरी गोडी आहे असं माझं मत आहे.

दागिन्यांचंही तसंच. घरी बायकोचं मंगळसूत्र, जोडवी, चेन, कानातलं असं एकेक जमिनीवर ठेवून मी आकडे लिहून घेतले. बारीक साखळीला यंत्र जवळजवळ दाद देत नाही, कारण त्याला प्रत्येक कडी सुटी दिसते. जोडवं चांदीचं असलं तरी त्याचं वेढं जोडलेलं नसतं, त्यामुळे आकडा अपेक्षेपेक्षा खाली येतो. आणि हलकं सोनं थेट ॲल्युमिनियम फॉइलच्या घरात बोलतं. फॉइल सोडलीत तर सोनंही सोडलंत. नागावला एका मावशींचं मंगळसूत्र लाटेत तुटलं होतं. त्यांच्या मुलाने मला हाक मारली. ओहोटी लागली होती. त्या जिथे उभ्या होत्या तिथे काठीने चौकोन आखला आणि आडवं-उभं चालत गेलो. मणी आणि तार यंत्राला कळणार नव्हते, मी फक्त वाट्यांच्या आकड्याची वाट बघत होतो. बऱ्याच फॉइली निघाल्या, मग दोन्ही वाट्या वाळूच्या एकाच उपशात वर आल्या, तारेला अडकलेल्या. त्या मावशी माझा हात सोडेनात. त्या दिवसानंतर घरात या यंत्राच्या किमतीचा विषय निघालेला नाही.

वेळेचं गणित कोळीवाड्यात कुणालाही विचारा. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेची ओहोटी पहाटेच, थंडीत तेव्हा अंधार असतो. मी त्यानंतरची द्वितीया-तृतीया धरतो. उधाण ओसरलेलं नसतं, पाणी लांब जातं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या आसपास मिळते. पाणी परत फिरेपर्यंत खालचा पट्टा, मग पाण्याच्या पुढे-पुढे वर सरकायचं. जिथे शंख-शिंपले आणि खडे एका रेघेत साचलेत तिथे थांबा. लाटेने जड वस्तू तिथेच टाकलेल्या असतात. दिवाळीच्या सुमारास मऊ वाळू पावसाळ्याने नेलेली असते, कडक थर वर असतो. मला सगळ्यात चांगल्या वस्तू तेव्हाच मिळाल्या.

कायदा माहीत असू द्या. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची निधी म्हणता येईल अशी वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. अलिबागचा कुलाबा किल्ला आणि वसईचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, त्यांच्या आसपास यंत्र पिशवीतून काढूच नका. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं जागेवरून उचललं की ते तिथे कसं आलं हे सांगणारा पुरावा संपतो. मला तरी हे कायद्याच्या भीतीपेक्षा मोठं कारण वाटतं.

विसर्जनातलं मी घेत नाही. तांब्याचा गडू, निरांजन, देवाचे छोटे टाक ओहोटीत उघडे पडतात. श्रद्धेने सोडलेली वस्तू परत पाण्यात खोल नेऊन सोडतो. मूर्तींमधल्या सळ्या, खिळे आणि मासेमारीचे गळ मात्र सगळे उचलतो. त्यासाठी वेगळी पिशवी असते आणि ती दर वेळी भरते. खड्डा बुजवल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. त्याच वाळूत सकाळी पोरं अनवाणी धावतात.

पैसे वसूल होतील या हिशोबाने घेऊ नका, होत नाहीत. वाशीच्या एका मित्राचं यंत्र एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं. मिठाचा प्रतिसाद वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर वेगळा येत असल्यामुळे ते मीठ वजा करू शकतं. ओल्या वाळूत त्याचं यंत्र माझ्यापेक्षा कितीतरी शांत चालतं. आज घ्यायचं झालं तर मी आणखी पैसे साठवून तसंच घेईन. वाळू उपसायचा जाळीचा स्कूप बाहेरून मागवू नका. रबाळ्यात भोकांच्या स्टील पत्र्याचा, लांब दांड्याचा बनवून मिळाला, उत्तम चालतो. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा, कॉइलचं कव्हर काढून आतली वाळूसुद्धा.

दुकानात जाताना खिशात एक रुपया, एक जोडवं, थोडी फॉइल आणि पिशवीत किनाऱ्यावरची ओली वाळू घेऊन जा. वाळू पाटावर पसरून त्यावरच यंत्र चालवून दाखवायला सांगा.