‘मेश’ सांगून एक्स्टेंडर गळ्यात मारले: तीन मजली घरातली फसवणूक आणि ती पकडण्याच्या जागा

पुण्याच्या उपनगरातलं एक रो-हाऊस, तळमजला आणि वर दोन मजले. ३०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन, कंपनीचा ओएनटी (फायबरची तार जिथे येऊन जोडली जाते तो डबा) तळमजल्यावर टीव्हीच्या मागे. वरच्या मजल्यांवर नेट पोचत नव्हतं म्हणून घरच्यांनी सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं करणाऱ्या एकाला बोलावलं. त्याच्या कोटेशनमध्ये एकच ओळ होती: ‘वाय-फाय ६ मेश, ३ युनिट, कॅट-६ वायरिंग व इन्स्टॉलेशनसह, रु. २६,०००’. (मेश म्हणजे घरभर एकच जाळं म्हणून चालणारी वाय-फाय युनिट, कॅट-६ हा नेटवर्क केबलचा एक दर्जा.) मॉडेल नंबर नाही, केबल कुठली ते नाही, जीएसटीचा उल्लेख नाही.

काम संपल्यावर त्याने दुसऱ्या मजल्यावर उभं राहून स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट दाखवली. आकडा २८० च्या वर गेला, पैसे दिले गेले. पुढच्याच आठवड्यात वरच्या खोलीतले व्हिडिओ कॉल अडकायला लागले. नीट मोजलं तेव्हा तळमजल्यावर २९० च्या आसपास, पहिल्या मजल्यावर ९३ आणि दुसऱ्या मजल्यावर ८ ते १५ एमबीपीएस मिळत होते.

मग ते २८० कुठून आले? फोनच्या ५जी डेटावरून. स्पीड टेस्टच्या पानावर सेवा देणाऱ्या कंपनीचं नाव दिसतं. तिथे घरच्या फायबर कंपनीऐवजी सिमकार्डाच्या कंपनीचं नाव असेल तर त्या चाचणीचा घरच्या वाय-फायशी काही संबंध नाही. चाचणी आपल्याच फोनवर घ्यावी, मोबाइल डेटा बंद करून, आणि जिथे बसून काम करायचं त्या टेबलापाशी. दुसरी एक हातचलाखी म्हणजे फोनच्या सेटिंगमध्ये दिसणारा ‘लिंक स्पीड ८६६’ दाखवणं. तो फोन आणि जवळच्या वाय-फाय डब्यामधल्या जोडणीचा कागदी वेग असतो. डब्याच्या मागे काय आहे, हे त्यातून कळत नाही.

या व्यवहारातली खरी लबाडी तिथेच होती, डब्यांच्या मागे. प्रत्येक मजल्यावरचं युनिट मुख्य राउटरला ज्या वाटेने जोडलेलं असतं तिला बॅकहॉल म्हणतात. केबलने किंवा हवेतून, वाट कुठलीही असो, तिची रुंदी एवढाच त्या मजल्याचा वेग. फोनवरच्या दांड्या मात्र फक्त जवळच्या युनिटचा जोर दाखवतात. म्हणून दुसऱ्या मजल्यावर दांड्या पूर्ण आणि नेट मेलेलं, अशी स्थिती होती. गिऱ्हाईक दांड्या बघतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

डबे उलटे करून स्टिकर वाचल्यावर बाकीचं उलगडलं. तळमजल्यावर एएक्स१५०० वर्गाचा साधा राउटर, वरच्या दोन मजल्यांवर एसी१२०० वर्गाचे भिंतीच्या सॉकेटात बसणारे एक्स्टेंडर (मिळालेला सिग्नल नुसता पुढे पसरवणारे डबे), तेही वाय-फाय ६ ऐवजी जुन्या वाय-फाय ५ चे. तिघांना एकच नाव आणि एकच पासवर्ड देऊन त्याला ‘मेश’ म्हटलं होतं. बाजारात हे सगळं सामान दहा हजारांच्या आत येतं. एकसारखं नाव दिल्याने मेश होत नाही. मेशमध्ये सगळी युनिट एका नियंत्रकाखाली असतात, एका ॲपमध्ये एकत्र दिसतात आणि जिना चढताना फोनला पुढच्या युनिटकडे जायला सुचवतात (८०२.११के आणि ८०२.११व्ही ही मानकं त्यासाठीच आहेत). इथे ॲपमध्ये फक्त तळमजल्याचा राउटर दिसत होता आणि प्रत्येक एक्स्टेंडरचं सेटिंगचं पान वेगळ्या पत्त्यावर उघडत होतं. एवढ्यावरून गोष्ट स्पष्ट होते. निरनिराळ्या कंपन्यांची युनिट एकत्र चालवायची असतील तर दोन्हीकडे वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघटनेचं ‘ईझीमेश’ हे मानक लागतं, आणि तेही विकत घेण्याआधी एकमेकांशी जोडून पाहावं.

आता ते ९३. हा आकडा जाणकाराला लांबून ओळखू येतो. १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर काही निघत नाही. खोक्यावर १२०० लिहिलेल्या कित्येक स्वस्त एक्स्टेंडरना आणि काही स्वस्त मेश संचांनासुद्धा पोर्ट १०० चेच असतात. खोक्यावर ‘गिगाबिट पोर्ट’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो १०० चा आहे असं समजून चालावं. दुसरं कारण केबलमध्ये सापडतं. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला फक्त १, २, ३ आणि ६ या चार. उरलेल्यांपैकी एक तार जरी तुटली किंवा क्रिंप करताना (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) बसली नाही, तरी जोडणी मुकाट्याने १०० वर येते. बंद पडत नाही, म्हणून कोणाला संशयही येत नाही. लॅपटॉप त्या केबलला लावून इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहावा: १००० दिसायला हवं, १०० दिसलं तर पैसे थांबवावेत.

क्रिंपिंगमधली एक चूक स्वस्त टेस्टरलाही सापडत नाही. दोन्ही टोकांना तारा रंगांच्या जोड्यांप्रमाणे सरळ ओळीत बसवल्या की आठही दिवे ओळीने लागतात, कारण १ ला १ आणि ८ ला ८ जोडलेलंच असतं. पण ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा एकाच पिळाच्या, म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या जोडीतल्या असाव्या लागतात. त्या वेगळ्या पिळांतून आल्या की आपसांत गडबड होते आणि लांब केबलवर वेग कोसळतो. टी-५६८-बी या मानकाचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टर पारदर्शक असतो, नुसत्या डोळ्यांनी पडताळता येतं.

आणि केबल स्वतःच खोटी होती. वेष्टनावर कॅट-६ छापलेलं, आतली तार ॲल्युमिनियमची, वर तांब्याचा मुलामा. व्यवहारात हिला ‘सीसीए’ म्हणतात. ब्लेडने तार खरवडली की आत चंदेरी रंग दिसतो, शुद्ध तांब्याची आतपर्यंत लालसरच राहते. दोन-तीनदा वाकवली की सीसीए पटकन तुटते. तिचा विद्युतरोध तांब्याहून बराच जास्त असतो, त्यामुळे केबलमधूनच वीज घेणारे कॅमेरे किंवा ॲक्सेस पॉइंट (केबलने जोडून वाय-फाय देणारे डबे) लांब अंतरावर लावले की व्होल्टेज पडतं आणि केबल तापते. कॅट-६ च्या मानकात सीसीएला जागा नाही, म्हणजे बिलात ‘कॅट-६’ लिहून ही केबल घालणं ही सरळ फसवणूक आहे. प्लास्टर होऊन रंग लागल्यावर ती बदलायला भिंत फोडावी लागते, आणि विकणारा नेमका त्याच भरवशावर असतो.

दुसऱ्या मजल्यापर्यंत केबल नेलीच नव्हती. तिथला एक्स्टेंडर पहिल्या मजल्यावरच्या एक्स्टेंडरकडून हवेतून सिग्नल घेत होता आणि मध्ये सळईचा आरसीसी स्लॅब. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा स्लॅबमधून जाताना फार क्षीण होते, म्हणून यंत्र २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर उतरतं. शेजारच्या रो-हाऊसांचे राउटर तिथेच गर्दी करून बसलेले असतात. त्यात एकाच रेडिओने घ्यायचं आणि त्यानेच पुढे द्यायचं म्हणजे वेग जवळपास निम्मा. मग पहिल्या मजल्यावरच्या ९३ चे इथे १५ व्हायला वेळ लागत नाही. हवेतून जोडायचंच असेल तर नवं युनिट जिथे ठेवायचं त्या जागी आधीच्या युनिटचा ५ गिगाहर्ट्झ सिग्नल उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) किंवा त्याहून चांगला हवा. उणे ७५ ला तिथे युनिट ठेवण्यात अर्थ नाही. अँड्रॉइडवर ‘वायफायमॅन’सारखं ॲप हा आकडा दाखवतं. आयफोनवर ॲपलच्या ‘एअरपोर्ट युटिलिटी’त स्कॅनरची सोय आहे, ती आधी फोनच्या सेटिंगमधून चालू करावी लागते. युनिट जिन्याच्या मोकळ्या पोकळीजवळ ठेवलं तर स्लॅब बराचसा टळतो. आरसा, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी यांच्या आड मात्र ठेवू नये.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. एएक्स३००० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ एमबीपीएस यांची गोळाबेरीज. त्यातले २४०२ सुद्धा १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल मिळाला आणि फोनलाही तो झेपला तरच. सध्या ‘वाय-फाय ७’ हा शब्द जोरात विकला जातो, पण बीई३६०० वर्गाच्या डब्यात फक्त २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असतात, ६ गिगाहर्ट्झचा पट्टा नसतोच. सामान वाईट नाही, पण ‘ट्राय-बँड’ (तीन पट्ट्यांचा) म्हणून जास्त दराने कोणी देत असेल तर ते खोटं आहे.

यापेक्षा चिवट प्रकार पुढे उघडा पडला. राउटरचं ॲप त्या माणसाने स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं होतं. पासवर्ड बदलायचा तर त्याला फोन, दर वेळी ‘व्हिजिट चार्ज’. शिवाय घरातली कुठली उपकरणं कधी चालू असतात हे त्याला त्याच्या घरी बसून दिसतं, ते वेगळंच. मालकी खातं पहिल्या दिवशी घरातल्याच कोणाच्या तरी नावावर करून घ्यावं. राहून गेलं असेल तर रिसेटचं छिद्र टाचणीने दाबून, दिवा बदलेपर्यंत धरून, सगळं नव्याने लावावं. त्याआधी फायबर कंपनीकडून पीपीपीओई (नेट सुरू होण्यासाठी राउटरने करायचं लॉगिन) असल्यास त्याचं युजरनेम आणि पासवर्ड मागून ठेवावा, नाहीतर नेट पूर्ण बंद पडेल.

कोटेशनमध्ये पुढच्या गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहून मागाव्यात: प्रत्येक युनिटचा पूर्ण मॉडेल नंबर, पोर्टचा वेग, कुठलं युनिट कशाला जोडणार (केबलने की हवेतून), केबल शुद्ध तांब्याची असल्याचा उल्लेख आणि मीटरचा दर. बिलावर सीरियल नंबर हवेत, कारण वॉरंटी त्यावरच चालते. निम्मे पैसे प्रत्येक मजल्यावरची चाचणी झाल्यावर. ही अट ऐकून जो कुरकुरतो त्याला काम देऊ नये.

फसलात तर स्टिकरचे, सोललेल्या केबलचे आणि चाचणीचे फोटो काढून त्याला लेखी कळवा. फोनवरच्या वादाचा पुरावा राहत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे जमलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नसेल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं कोटेशन जपून ठेवा.

या घरातली दुरुस्ती मात्र फारशी मोठी नाही. तळमजल्याच्या राउटरला गिगाबिट पोर्ट आहेत, तो तसाच राहू शकतो. तिथून दोन्ही मजल्यांना वेगवेगळी तांब्याची कॅट-६ केबल न्यायची, एका युनिटमधून दुसऱ्यात साखळी करायची नाही. पाइप २५ मिलिमीटरचा आणि स्वतंत्र, विजेच्या तारांच्या पाइपात ही केबल घालायची नाही. डक्टमधून उघड्यावर जाणाऱ्या भागाला बाहेरच्या वापरासाठीची, काळ्या पॉलिथिलीन वेष्टनाची केबल. वर गिगाबिट पोर्टचे, राउटरच्याच कंपनीचे आणि त्याच्याशी मेश होणारे दोन युनिट ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये लावायचे आणि ओएनटीचं स्वतःचं वाय-फाय बंद करायचं, नाहीतर फोन त्यालाच चिकटून राहतात. निघालेल्या एक्स्टेंडरपैकी एक गेटजवळच्या कॅमेऱ्यासाठी ठेवता येतो. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला चारेक एमबीपीएस पुरतात.