उन्हाळ्यातलं वाचन कुठे नोंदवायचं: समासात, वहीत, कार्डावर की मोबाइलवर?

परीक्षा संपल्या की कोल्हापुरात वाचनालयाच्या फेऱ्या वाढतात. एप्रिल-मेच्या दुपारी आठ-दहा पुस्तकं सहज हातावेगळी होतात आणि जूनचा पाऊस लागेपर्यंत त्यातल्या निम्म्यांचं फक्त मुखपृष्ठ डोळ्यांसमोर राहतं. म्हणून यंदा नोंदी ठेवायच्या असं ठरवलं असेल, तर आधी दोन गोष्टींचा विचार करा: पुस्तक कुणाच्या मालकीचं आहे, आणि लिहिलेली नोंद तुम्ही पुन्हा कशासाठी उघडणार आहात. कोणती पद्धत घ्यायची ते यावरच ठरतं. जी नोंद वर्षभराने शोधून सापडत नाही, ती लिहिण्यात घालवलेला वेळ फुकट गेला असंच आम्ही धरतो.

पुस्तक वाचनालयाचं असेल तर समास आपोआप बाद. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. अशा जुन्या संग्रहातली प्रत तुमच्यानंतर कितीतरी हातांतून जाणार असते. तिच्यात पेन्सिलीची रेघसुद्धा नको. चिकटपट्ट्याही टाळा. जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदावर त्यांचा डिंक राहतो आणि काढताना अक्षरांचा पापुद्रा सोबत येतो. कोऱ्या कागदाच्या अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापून खुणेला घाला. वर्तमानपत्राच्या पट्ट्या नकोत, त्यांची शाई पानाला लागते. पुस्तक परत करण्याच्या आदल्या दिवशी पट्टी पाहून नोंद उतरवायची आणि पट्टी काढून घ्यायची.

स्वतःच्या प्रतीत मात्र समासाइतकी तत्पर जागा दुसरी नाही. वाक्य खटकलं त्या क्षणीच, त्याच्या शेजारीच लिहिता येतं. पेन्सिल बी किंवा टूबी घ्या. एचबी कडक असते. पातळ कागदावर तिचा वळ पाठीमागे उमटतो आणि खोडल्यावरही जात नाही. हायलायटर स्वस्त कागदावर पलीकडे उतरतो आणि त्याचा रंगही काळाबरोबर उडतो. खुणा तीनच ठेवा: आवडलं तर उभी रेघ, कळलं नाही तर प्रश्नचिन्ह, पटलं नाही तर फुली. याहून जास्त केल्या की कशाचा अर्थ काय हे आपलं आपल्यालाच आठवत नाही. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पृष्ठक्रमांक व त्यापुढे दोन-चार शब्द अशी यादी करत जा. ही यादी नसेल तर चारशे पानांत विखुरलेल्या खुणा असून नसल्यासारख्या.

समासाची अडचण जागेची आहे. बांधणीकडची बाजू आत दबते, बाहेरची जेमतेम इंचभर. तेवढ्यात ‘छान’, ‘खरंय’ एवढंच मावतं, आणि ते काही चिंतन नव्हे. शिवाय दुसऱ्या वाचनात नजर जुन्या रेघांवरच थांबते. न खुणावलेला मजकूर नकळत मागे पडतो.

बहुतेकांनी वहीच घ्यावी, असं आमचं मत आहे. शंभरपानी, शिवलेली वही पुरते: दहा पुस्तकांना प्रत्येकी चार पानं म्हणजे चाळीस, अनुक्रमणिकेला चार, शब्दांच्या यादीला मागून दहा, तरी दुसऱ्या उन्हाळ्याला जागा उरते. स्पायरलची वही नको, तिची पानं भोकांपाशी फाटतात. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांवर क्रमांक घाला. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय अनुक्रमणिकेला अर्थ नाही.

नोंदीच्या माथ्यावर पुस्तक, लेखक, प्रकाशन, आवृत्ती आणि वाचनालयाची प्रत असेल तर दाखल क्रमांक लिहा. आवृत्तीचा आग्रह उगाच नाही. नव्या आवृत्तीत अक्षरजुळणी बदलते, पानं सरकतात. नुसतं ‘पृ. १४३’ लिहून ठेवलं आणि पुढे दुसरी प्रत हाती आली, तर तिथे भलताच प्रसंग निघतो. म्हणून पानासोबत प्रकरणही लिहायचं.

मग मजकूर. पुस्तक मिटून, त्याच दिवशी, आठवणीतून पाच-सहा ओळी. उघडं ठेवून लिहिलं की हात आपोआप सारांशाकडे वळतो, आणि सारांश तर मलपृष्ठावरही छापलेला असतो. उतारा घ्यायचाच तर दोन ओळींचा, अवतरणचिन्हांत. चिन्हं विसरलात तर वर्षभराने लेखकाचं वाक्य तुम्हाला स्वतःचं वाटू लागेल. पुस्तक संपल्यावर लगेच निकाल देऊ नका. आठवडाभर थांबून चौथं पान लिहा. आठ दिवसांनी जे टिकलेलं असतं त्यावर बोलणं खरं असतं.

फरक कुठे पडतो ते एका उदाहरणात दिसेल. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) वर अनेक वह्यांत असं सापडतं: ‘भोगलालसेवर उत्तम भाष्य. भाषा सुंदर. जरूर वाचावे.’ हे पुस्तक न वाचताही लिहिता येईल. त्याऐवजी हे पाहा: ‘ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आपापल्या तोंडाने बोलतात. ययातीने सांगितलेली देवयानी आणि स्वतः बोलणारी देवयानी, दोघी मला एक वाटत नाहीत. कुणाचं खरं धरायचं, अजून ठरत नाही.’ यात एक निरीक्षण आहे, एक शंका आहे, आणि पुढच्या वाचनाला धरायला दोरा आहे.

वहीची मागची दहा पानं शब्दांसाठी ठेवा. आनंद यादवांच्या ‘झोंबी’सारखं कागलच्या मातीतलं आत्मकथन वाचताना हे विशेष उपयोगी पडतं. शेतीचे, मोटेचे, घरकामाचे कितीतरी शब्द शहरातल्या नव्या वाचकाला अडतात. शब्द, तो आला ते वाक्य, आणि घरातल्या एखाद्या आजी-आजोबांना विचारून कळलेला अर्थ, असे तीन रकाने करा. कोशातला अर्थ शेवटी पाहा.

शाई कोणती? वहीचा कागद पातळ असेल तर जेल पेनची शाई फुटते आणि पाठपान वाया जातं. साधं बॉलपेन बरं.

कार्डं फक्त त्यांनीच घ्यावीत ज्यांना या वाचनातून पुढे काही लिहायचं आहे: निबंध, भाषण, प्रबंध. आकार साडेबारा बाय साडेसात सेंटीमीटर, वाचनालयांच्या जुन्या तालिकेतल्या, म्हणजे पुस्तकांच्या यादीतल्या, कार्डाचा. छापखान्यातून कार्डशीट कापून घेतली की कडा सरळ येतात. एका कार्डावर एकच मुद्दा. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णासकट सहा जण बोलतात, एकाच प्रसंगाबद्दल कोण काय म्हणतो याची वेगवेगळी कार्डं जमिनीवर शेजारी मांडली की जी तुलना होते, ती वहीत पानं मागेपुढे करून होत नाही. पण उजव्या कोपऱ्यात पुस्तक आणि पान लिहायचं राहिलं तर ते कार्ड अनाथ. आणि निवांत, लांबलेलं चिंतन कार्डावर मावत नाही, ते अर्ध्यावर तुटतं.

मोबाइलचा मोठा गुण म्हणजे शोध. तो मराठीत मात्र वाटतो तितका सरळ नाही. ‘ययाति’ एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ लिहिलं की शोधात अर्ध्याच नोंदी येतात. उपाय सोपा आहे: पुस्तकाचं नाव प्रत्येक नोंदीत मुखपृष्ठावर छापलंय तसंच, आधीच्या नोंदीतून उचलून चिकटवायचं. बोलून टंकलं तर वेग मिळतो, पण विशेषनामं आणि बोलीतले शब्द हमखास बिघडतात; त्याच दिवशी दुरुस्त केले नाहीत तर पुढे काय म्हणायचं होतं ते कळत नाही. पानांचे फोटो काढणं ही तर नोंदच नव्हे. ते गॅलरीत लग्नाच्या फोटोंखाली गाडले जातात. फोटो काढलाच तर त्याखाली दोन ओळी स्वतःच्या हव्यात. व्हॉट्सअपवर स्वतःलाच पाठवलेल्या नोंदी फोन बदलताना बॅकअप चुकला की जातात; नोंदींचं वेगळं अॅप वापरा आणि महिन्यातून एकदा सगळा मजकूर स्वतःला ईमेल करा. एवढं सांभाळलं तरी एक गोष्ट उरतेच: नोंद करायला फोन हाती घेतला की पुस्तकाकडे परत यायला वेळ लागतो. म्हणून प्रवासात मोबाइल, घरी वही, आणि वहीच्या अनुक्रमणिकेचा एक फोटो फोनमध्ये, ही जोडी आम्हाला सर्वांत टिकाऊ वाटते.

वही कोल्हापुरात जूननंतर कुठे ठेवता हेही आधीच ठरवा. पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात बुरशी धरते, आणि बंद फडताळात कसर लागते. भिंतीपासून चार बोटं सोडून, उभी ठेवा. उघाड पडली की सावलीत पानं मोकळी करा, कडक उन्हात नको, कागद वाकतो. तुमचं घर कुंभार गल्ली, सुतारवाडा अशा पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात असेल तर तळमजला नकोच. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते तिथल्या घरांना माहीत आहे. तरीही वही भिजलीच, तर जेल पेनची अक्षरं पसरण्याची भीती असते. पेन्सिलीची टिकतात. पानं चिकटलेली असताना ओढू नका. मध्येमध्ये कोरा टिपकागद घालून पंख्याच्या वाऱ्याला ठेवा आणि कागद ओलावले की बदलत राहा.