साळवी स्टॉपजवळचे काचवाले चाचा आणि माझी गळकी समुद्री टाकी

दुकानाला पाटी नाही. साळवी स्टॉपवरून थोडं पुढे रस्त्याला लागून पत्र्याची शेड आहे, बाहेर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या करून ठेवलेल्या असतात. खिडक्या, शोकेस, कपाटाच्या काचा हे त्यांचं रोजचं काम. आजूबाजूचे सगळे त्यांना 'काचवाले चाचा' म्हणतात, मीही तेच म्हणते. माझी खाऱ्या पाण्याची टाकी त्यांनी ऑगस्टमध्ये दुरुस्त करून दिली. आता डिसेंबर आला, एक थेंब बाहेर आलेला नाही, म्हणून लिहायला बसले. रत्नागिरीत समुद्री मासे घरी पाळणारे आम्ही मोजकेच, आणि टाकी गळायला लागली की जायचं कुठे हे आमच्यातल्या कुणालाच धड माहीत नसतं.

टाकी ३ बाय दीड बाय दीड फुटांची, ८ मिलिमीटर काचेची. दगड आणि वाळूची जागा सोडली तर आत साधारण १५० लिटर पाणी. दोन क्लाऊनफिश, एक निळा डॅमसेल, एक क्लीनर कोळंबी आणि शंखात राहणारे चार खेकडे. क्लाऊनफिश पैदास केंद्रातले आहेत, समुद्रातून धरलेले नाहीत. प्रवाळ मी ठेवत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली आपल्याकडच्या प्रवाळांना संरक्षण आहे, आणि ते मला मनापासून पटतं. आतले दगड सिरॅमिकचे आहेत.

गळती आधी आकड्यात दिसली, फरशीवर नंतर. मी रोज संध्याकाळी टाकीत कमी झालेलं पाणी भरते. हवेत उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. जुलैच्या मध्यापासून ही भर वाढली, रोज लिटरभर जास्त लागायला लागलं. बाहेर धो धो पाऊस, कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, अशा हवेत पाणी जास्त उडेलच कसं? वीसेक दिवस मी भरत राहिले आणि मग हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायचं साधन, लावला. १.०२५ असायचा तो काटा १.०२२ वर. म्हणजे पाण्याबरोबर मीठही कुठून तरी जात होतं, आणि त्या जागी मी रोज गोडं पाणी ओतत होते.

मी घरी कोकमाचं आगळ करून विकते. बरणीचं झाकण नीट बसलं नसेल तर कडेला मीठ फुलतं, पांढरं, खरखरीत. टाकीच्या मागे हात घातला तर डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात बोटांना तेच लागलं. खालची प्लाय फुगून वर आली होती. थेंब प्लायमध्येच जिरत होते, म्हणून फरशी कोरडी. आणि एक्स्टेंशन बोर्ड तिथून वीतभर अंतरावर. मी आधी मेन स्विच बंद केला, मग बोर्ड भिंतीवर उंच लावून घेतला आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबती सोडली, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब तिथेच खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी हे आजच करावं.

पहिल्यांदा ज्याला बोलावलं त्याचं नाव लिहीत नाही. त्याने भरलेल्या टाकीला बाहेरून सिलिकॉन फासलं आणि ६०० रुपये घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी ती पट्टी सालीसारखी सुटून हातात आली. पाणी आतून बाहेर ढकलत असतं, त्यात काच ओली, वर मिठाचा थर; तिथे सिलिकॉन धरणार कशाला? नळी उचलून वाचली तर ते बाथरूमचं, बुरशी न धरणारं सिलिकॉन निघालं. बुरशी मारायला त्यात जे घालतात ते माशांनाही मारतं. बाहेरून लावलं होतं म्हणून वाचले. त्या दिवशी मला फार राग आला आणि रडूही आलं.

चाचा सांगितल्या दिवसानंतर दोन दिवसांनी आले. मात्र आल्यावर त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलंच नाही. पिशवीतून पाणसळ काढली आणि टाकीच्या वरच्या कडेवर ठेवली, आधी लांबीत, मग रुंदीत. बुडबुडा एका बाजूला. मग खाली वाकून स्टँडच्या चारही पायांखाली पोस्टकार्ड सरकवून बघितलं. डाव्या मागच्या पायाखालची फरशी खचलेली होती, जवळजवळ ४ मिलिमीटर. पाणी, दगड, काच मिळून दोनशे किलोंच्या वर भार, आणि तो तीन पायांवर तोललेला. स्टँडला पीळ पडला, तो काचेत गेला आणि सांधा उघडला.

"वहिनी, हे न बघता मी भरून दिला असता तर तुम्ही पुढच्या पावसात परत बोलावलं असतं," एवढंच म्हणाले.

त्यांच्या अटी सरळ होत्या. टाकी पूर्ण रिकामी, गोड्या पाण्याने तीनदा धुतलेली, आणि वाळवून ठेवलेली. "माशांचं मला कळत नाय, ते तुमचं काम." मला हे आवडलं. जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगणारा माणूस काचेचं काम चांगलं करणार, असं वाटून गेलं.

माशांचं काम खरंच कठीण होतं. आगळासाठी आणलेले दोन कोरे निळे ड्रम घरात होते, आगळ कधी न भरलेले. एकात टाकीतलंच ८० लिटर पाणी, त्यात मासे, कोळंबी आणि खेकडे. दुसऱ्यात उरलेल्या पाण्यात दगड आणि फिल्टरमधला स्पंज, वर पॉवरहेड, म्हणजे पाणी फिरवत ठेवणारा छोटा पंप, चालू. दगड आणि स्पंज कोरडे पडू द्यायचे नाहीत, कारण माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यांच्यावरच राहतात. ते मेले तर टाकी दुरुस्त होऊनही मासे जातील. दिवसातून तीनदा लाईट जात होती, तेव्हा बॅटरीवरचा एअरपंप लावून मी ड्रमजवळच बसायचे. चौथ्या दिवशी पाण्याच्या चाचणीत अमोनिया ०.२५ दाखवायला लागला, तेव्हा २० लिटर पाणी बदललं आणि खाणं दिवसाआड केलं.

चाचांनी गळका कोपरा तेवढा भरला नाही. आतल्या सगळ्या सांध्यांवरची सिलिकॉनची पट्टी ब्लेडने कापून काढली, कारण जुन्या सिलिकॉनला नवं चिकटत नाही. उरलेला चिकटा खरवडला, स्पिरिटने दोनदा पुसला, मग टेबल फॅन लावून टाकी रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावून साधं, काहीही न मिसळलेलं ॲसेटिक सिलिकॉन भरलं. बोटाने एकाच दमात ओढलं आणि वर साय धरायच्या आत टेप काढली. घरभर व्हिनेगरचा वास.

आणि मग थांबायचं. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, वरून लवकर आणि आतून सावकाश. मी तिसऱ्या दिवशी फोन केला, वर हात लावला तर कोरडं आहे, भरू का? गणपतीला जेमतेम तीन आठवडे होते, आणि आमच्याकडे गणपती त्याच खोलीत बसतो, त्याच भिंतीला. मखर बांधायचं, माणसं येणार, आणि खोलीत ड्रम! चाचांनी ऐकलं नाही. सात दिवस, आणि नाक लावल्यावर वास आला तर आठवा दिवस. सातव्या दिवशी स्वतः येऊन त्यांनी कोपऱ्यात नाक घातलं, मगच हो म्हणाले. पडवीत वर्तमानपत्र अंथरून त्यावर टाकी ठेवली, गोडं पाणी काठोकाठ भरलं आणि ४८ तास तशीच ठेवली. थेंब पडला तर कागदावर डाग उमटतो. मी रात्री दोनदा उठून विजेरीने कागद बघितला. कोरडा.

तोवर त्यांनी स्टँडच्या पायाखाली पट्टी घालून ते पाणसळीत आणलं, फुगलेली प्लाय बदलली आणि वर थर्माकोलचा तुकडा बसवला.

समुद्र दाराशी असताना मीठ विकत कशाला, असं मला सगळे विचारतात. पावसात काजळी नदी भाट्याच्या खाडीतून एवढं गोडं, गढूळ पाणी आणून सोडते की तिथलं पाणी टाकीत घालणं म्हणजे माशांच्या जिवाशी खेळ. घरातलं मीठही चालत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं तेवढं नसतं. नव्या ७० लिटरसाठी समुद्री मिठाचं मिश्रण अडीच किलोच्या वर लागलं, आणि १.०२२ वरून १.०२५ वर मी चार दिवसांत हळूहळू नेलं. एक खेकडा मात्र ड्रममध्ये गेला. बाकी सगळे परतले.

पैसे म्हणाल तर मजुरीचे २८०० आणि सिलिकॉन, प्लाय, थर्माकोलचे ९०० वेगळे. बिल नाही, लेखी हमी नाही. फोन क्वचितच उचलतात. उजव्या पुढच्या सांध्यात सिलिकॉनचा एक गोळा राहिलाय, तो समोरूनच दिसतो, आणि तो मला खटकतो. ज्यांना टाकी शोभेसाठी बैठकीत हवी त्यांनी हे आधीच बोलून घ्यावं.

गणपतीत पाहुण्यांची पोरं आरती सोडून टाकीसमोर उभी होती. परवा मागच्या कोपऱ्यात पुन्हा बोट फिरवलं, गुळगुळीत आहे. काटा १.०२५.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर ते साइटवर असतात. जाताना टाकीची लांबी, रुंदी, उंची, काचेची जाडी लिहून न्या आणि मीठ फुललेल्या कोपऱ्याचा फोटो दाखवा.